अक्कांची मडकी आणि माझं इंग्रजी

माझ्या लेकीच्या, केतकीच्या, प्रवेशपरीक्षेचं इंग्रजी मी हातात घेतलं, तेव्हा घरातल्या कुणीही मला तशी विनंती केली नव्हती, हे आधीच कबूल करते. सराव परीक्षेचा निकाल आला होता. गणितात ठीक, तर्कात ठीक, आणि शब्दसंग्रहात वीसपैकी चार. त्या चारातले दोन आपण डोळे मिटून टिचकी मारल्यामुळे मिळाले, हेही तिनेच सांगितलं. मुलगी प्रामाणिक आहे. त्या दिवशी जरा कमी असती तरी चाललं असतं.

"इंग्रजी मी बघते," मी म्हटलं.

पद्माकरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं. तो संशोधन संस्थेत आहे. धातूंना तडे का जातात हा त्याचा विषय. त्यामुळे घरात काही तडकायला लागलं की तो अडवत नाही, निरीक्षण करतो.

मी एका सरकारी कंपनीच्या खरेदी विभागात बावीस वर्षं आहे, आणि माझं ड्राफ्टिंग सगळ्या मजल्यावर नावाजलेलं आहे. पुरवठादाराला खडसवायचं असलं की फाइल माझ्या टेबलावर येते. माझं एक पत्र वाचून होसूरच्या एका माणसाने रखडलेले नटबोल्ट तर पाठवलेच, वर मिठाईचा डबाही पाठवला. डबा नियमाप्रमाणे परत केला. सोबतच्या पत्राची प्रत मी अजून जपून ठेवलेली आहे.

केतकीच्या क्लासने हजार शब्दांची यादी दिली होती. ए ते झेड. मी वेळापत्रक केलं. रोज वीस शब्द, आणि प्रत्येक शब्द घरातल्या प्रसंगात वापरायचा. पहिल्या दिवशी 'अब्स्टीमियस' आला, म्हणजे खाण्यापिण्यात संयमी. "तुझे बाबा अब्स्टीमियस आहेत," असं उदाहरण मी दिलं, आणि त्याच क्षणी पद्माकरने पाचव्या पोळीकडे हात नेला. तिसऱ्या दिवशी 'कँटँकरस' आला, म्हणजे भांडखोर. पद्माकर म्हणाला, "हा मला समजला, उदाहरण नको."

खालच्या मजल्यावर प्राणेश अण्णा आणि पद्मावती अक्का राहतात. त्यांचं घराणं इकडे येऊन साडेतीनशे वर्षं झाली. आम्हाला मल्लेश्वरममध्ये येऊन पंधरा झाली, तरी अक्का माझी ओळख 'परवा आलेली' अशीच करून देतात. पण त्या परवापासून मला कन्नड शिकवलं ते अक्कांनी, केतकीला गोवर झाला तेव्हा रजा नव्हती म्हणून दहा दिवस तिच्या उशाशी बसल्या त्याही अक्काच. अण्णा बँकेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. केतकीच्या इंग्रजीची बातमी कळताच दोघं वर आली.

"रोज एक अग्रलेख मोठ्यानं वाच," अण्णा केतकीला म्हणाले. "मी एकाहत्तर सालापासून वाचतोय."

"एकाहत्तरापासून वाचून काय केलात म्हणे?" अक्का म्हणाल्या. "गॅसचा अर्ज मीच लिहिले की. ते काही नको. रोज ब्राह्मीची चटणी देते, खा. पाठ झालेलं जाणार नाही."

ब्राह्मी अक्कांच्या स्वतःच्या बागेतली. आणि बागेचं रहस्य म्हणजे फाटकाजवळ ओळीने मांडलेली त्यांची सात मडकी. स्वयंपाकघरातला ओला कचरा एका मडक्यात जातो, त्याच्यावर कसलीशी पूड, वर वाळका पाला, आणि दोन महिन्यांनी काळंभोर खत बाहेर येतं. नाक लावलं तरी पावसाळी मातीशिवाय कसलाही वास नाही. लांबून बायका बघायला येतात. अक्का झाकण उघडतात आणि सोन्याचा हार दाखवावा तशा बाजूला उभ्या राहतात.

तर आम्ही 'एम'पर्यंत आलो, आणि समोरच्या प्लॉटवर टाइल कापायचं मशीन सुरू झालं.

सकाळी सहाला ते किंचाळायला लागे. केतकी कानात बोटं घालून 'लकॉनिक, लकॉनिक, मितभाषी' करत खोल्या बदलत फिरे. परीक्षा पंधरा दिवसांवर. पद्माकर समोर जाऊन सांगून आला, तर त्यांनी त्याला चहा पाजला आणि मशीन फाटकाच्या आणखी जवळ आणलं. मग मी वॉर्ड ऑफिसच्या अ‍ॅपवर तक्रार करायचं ठरवलं.

अ‍ॅपमध्ये कुत्री होती, डास होते, पथदिवे होते, पण आवाज नव्हता. मी 'इतर' निवडलं. त्याच्यापुढे एक रिकामा चौकोन आला, आणि रिकामा चौकोन दिसला की माझं काय होतं ते माझ्या सेक्शनला माहीत आहे. केतकी क्लासला गेली होती. तिची यादी टेबलावर होती. 'एन' अजून आम्ही केलं नव्हतं, पण सहज नजर टाकली आणि मला हवा तो शब्द सापडला. नॉइसम! अर्थ बघायची गरजच काय? ट्रबलवरून ट्रबलसम, तसं नॉइजवरून नॉइसम. मी लिहिलं की आमच्या इमारतीसमोर पर्पेच्युअल अँड नॉइसम न्यूसन्स चालू असून एका विद्यार्थिनीचं भवितव्य धोक्यात आहे. तीनदा वाचलं. चौथ्यांदा पद्माकरला वाचून दाखवलं.

"जोरदार आहे," तो म्हणाला. पुढे हे त्याच्यावर शेकवायचा मी प्रयत्न केला, पण जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फाटकाशी चार माणसं आली. तोंडाला मास्क, हातात लांब आकड्या, पायात गमबूट. त्यांच्यापुढे आरोग्य निरीक्षक नागराजप्पा. ते आधी समोरच्या प्लॉटवर गेले. मशीन कानठळ्या बसवत होतं. त्याच्या शेजारी उभं राहून नागराजप्पांनी मास्क खाली केला, दीर्घ श्वास घेतला आणि मान हलवली. मग रस्ता हुंगला. मग आमचं फाटक हुंगलं. आणि मग त्यांची नजर सात मडक्यांवर गेली.

"हे कुणाचं?"

अक्का तुळशीला पाणी घालत होत्या. त्या मोठ्या कौतुकाने पुढे झाल्या. त्यांना वाटलं, पाहुणे खत बघायला आलेत. त्यांनी पहिलं झाकण उघडलंसुद्धा.

"इथून दुर्गंधी येते अशी तक्रार आहे," नागराजप्पा कन्नडमध्ये म्हणाले. मी तोपर्यंत जिन्यात आले होते. खाली जावं की वर, हे ठरायच्या आत त्यांनी मोबाइलवर बघत मोठ्याने वाचलं, "तक्रारदार, सुलभा पद्माकर ओगले. पहिला मजला."

अक्कांनी झाकण हातात धरून वर पाहिलं.

"सुलभा? वास मारतंय म्हणून लिहिलीस? माझ्या मडक्याला?"

"नाही हो अक्का! मी आवाजाबद्दल लिहिलंय! मशीनच्या आवाजाबद्दल!"

नागराजप्पांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. तिथे माझं ते वाक्य होतं आणि त्याखाली ऑफिसातल्या कुणीतरी केलेलं कन्नड भाषांतर. 'कायमची आणि अत्यंत घाणेरड्या वासाची पीडा.'

"अहो, भाषांतर चुकलंय," मी म्हटलं. खरेदी विभागात बावीस वर्षं काढलेल्या बाईचा आत्मविश्वास माझ्या आवाजात होता.

गॅलरीत केतकी उभी होती, हातात मोबाइल. "आई," ती वरून म्हणाली, "नॉइसम म्हणजे घाण वास येणारा. आवाजाशी काही संबंध नाही."

सगळी गल्ली ऐकत होती, कारण नेमकं तेव्हाच मशीन बंद पडलं होतं.

मी घरी येऊन तीन डिक्शनऱ्या पाहिल्या. तिन्ही एकमेकींना सामील होत्या. ज्या भाषेत असा शब्द बनतो त्या भाषेतले लोक दीडशे वर्षं आपल्यावर राज्य करून गेले, याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा खरा राग आला.

खाली अक्कांचं दार बंद झालं. संध्याकाळी ब्राह्मीची चटणी आली ती अण्णांच्या हाती, आणि अण्णा अवघडून म्हणाले, "ही मुलीसाठी म्हणून सांगितलीय. तुम्ही खायची नाही म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी तक्रार मागे घ्यायला बसले. अ‍ॅपमध्ये तक्रार वाढवायची सोय होती, पुन्हा उघडायची सोय होती, फोटो जोडायची सोय होती. मागे घ्यायची नव्हती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरी जेवायला गेली होती. ती परत आल्यावर म्हणाली, "लेखी द्या. साहेबांच्या नावाने."

तिथेच बाकावर बसून लिहिलं. आता खरं तर दोन ओळी पुरत होत्या. पण समोर कोरा कागद होता, आणि माझी झालेली शोभा धुऊन काढायची होती. मी सव्वा पान लिहिलं. शेवटी साहेबांना बरं वाटावं म्हणून आभाराचा परिच्छेद घातला. त्यांच्या कार्यतत्पर, नियमाला धरून चालणाऱ्या ऑफिसाला शोभेल असा एक शब्द यादीत 'ओ'खाली दिसला होता. ऑफिशस. याला तर सरळ ऑफिसचाच वास होता. 'आपले आणि आपल्या ऑफिशस कर्मचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार.'

साहेब शांत गृहस्थ होते. कपाळावर आडवं गंध, टेबलावर फुलदाणी. त्यांनी पूर्ण पत्र वाचलं, शेवटच्या परिच्छेदावर थांबले, चष्मा काढला.

"मॅडम, मी इंग्रजीत एम. ए. आहे," ते म्हणाले. "ऑफिशस म्हणजे नको तिथे नाक खुपसणारा. पण नाक खुपसायला तुम्हीच बोलावलं होतंत ना?"

मी पत्र परत घ्यायला हात पुढे केला.

"शिवाय दुर्गंधीची तक्रार अशी मागे घेता येत नाही. आरोग्याचा प्रश्न आहे. वर कुठे वास सापडला नाही, म्हणजे तो खाली असणार. गटार उघडून बघावं लागेल." आणि त्यांनी माझ्याच पत्रावर, माझ्याच ऑफिशसच्या शेजारी, हिरव्या शाईने शेरा मारला.

केतकीची परीक्षा रविवारी होती. केंद्र मारतहळ्ळीच्या पलीकडे, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. साडेसातला फाटक बंद. शुक्रवारी दुपारी वॉर्डाची माणसं आली आणि आमच्या दाराबाहेर गल्लीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चर खणून गेली. आमची गाडी आत, जग बाहेर.

"उद्या बुजवतो, मॅडम," मुकादम म्हणाला. तो भला माणूस होता. फक्त उद्या दुसरा शनिवार आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. शनिवारी वॉर्ड ऑफिसला कुलूप होतं आणि मुकादमाचा फोन बंद होता.

पद्माकरने चराच्या कडेला बसून माती तपासली आणि "कडा टिकतील" असा निष्कर्ष काढला. मी विचारलं, "गाडीचं काय?" तो म्हणाला, "गाडी नाही टिकणार."

"मग टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी बोलवू," मी म्हटलं. योजना उत्तम होती. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही चरावर फळी टाकली. केतकी हरणासारखी पार झाली. माझ्या एका हातात तिचं हॉल तिकीट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि मनात 'प्रिकेरियस' म्हणजे डळमळीत हा शब्द. फळी वळली. मी आत पडले नाही, एकच पाय गेला, पण तो गुडघ्यापर्यंत गेला. हॉल तिकीट मी डोक्यावर धरलं होतं, ते वाचलं. फळी मात्र खाली गेली आणि पद्माकर पलीकडेच राहिला.

"पुढे व्हा!" तो ओरडला. "मी इथून बघतो!" आयुष्यभर त्याने दुसरं काय केलंय!

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीवाल्याने फोनवर विचारलं, "ड्रॉप कुठे?" मारतहळ्ळी म्हणताच त्याने फोन ठेवला. दुसऱ्यानेही तेच. तिसरा चार मिनिटांवर होता, मग नऊवर, मग नाहीसाच झाला. रिक्षावाल्याने माझ्या चिखलाच्या पायाकडे बघून नुसतं डोकं हलवलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. केतकी ओठ चावत होती. वर्षभराची तिची मेहनत. क्लासला जाताना बसमध्ये उभ्याने पाठ केलेले शब्द. आणि तिच्या वाटेत खड्डा खणला तो मी. यादीत लाज या अर्थाचे सहा शब्द होते. एकही पुरेसा नव्हता.

मागून हॉर्न वाजला. अण्णांची जुनी मारुती. ती नेहमी गल्लीच्या तोंडाशी उभी असते, त्यामुळे चराच्या बाहेर राहिली होती. स्टिअरिंगवर अण्णा, स्वेटर आणि कानटोपी घालून. शेजारी अक्का, केसात जाईचा गजरा.

"केतकी, बस," अक्का म्हणाल्या. "आणि तुझ्या आईला सांग, पाय बाहेर झटकून मग बसायचं."

दहा दिवसांत माझ्याविषयी त्यांनी काढलेला हा पहिला शब्द. मी पाय झटकून बसले. त्या दोघांनी चर कसा ओलांडला, हे विचारायची माझी छाती नव्हती. नंतर कळलं, अक्कांनी आदल्या संध्याकाळीच अण्णांना घेऊन कोपऱ्यावरच्या भाचीकडे मुक्काम हलवला होता. "रविवारी पोरीला न्यायला कुणी पाहिजे की," म्हणून.

अण्णा ताशी तीसने गाडी चालवतात. रिकाम्या रस्त्यावरही. लाल दिवा तर सोडाच, हिरवा दिवासुद्धा ते 'आता लाल होईल' म्हणून हळू ओलांडतात. शिवाय बोलतात. शहर कसं होतं, तळी कुठे होती, अग्रलेख कोणते गाजले.

"केतकी," मध्येच अक्का म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार, डबा आणलाय काय."

"आणलाय, अज्जी."

"आईला विचार म्हटलं मी."

"आणलाय अक्का," मी म्हटलं.

"केतकी, सरी, बरं म्हणून सांग."

सात वाजून पाच मिनिटांनी आम्ही रिंग रोडला होतो आणि समोर मेट्रोच्या कामाचे पत्रे. अण्णा थांबून वळसा कुठून घ्यावा याचा विचार करू लागले. तेव्हा अक्कांनी त्यांच्या मांडीवर थाप मारली. "अय्यो! चाळीस वर्षं बँकेत विचारच केलात! आता चालवा!" आणि अण्णांनी गाडी पंचेचाळीसवर नेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा साडेसातला तीन मिनिटं कमी होती आणि केतकी फाटकातून आत पळत होती. वळून तिने हात केला. मला नाही, अज्जीला. ते योग्यच होतं.

केंद्रासमोरच्या फुटपाथवर शंभरेक आईबाप. अण्णा गाडीत झोपले. अक्कांनी बाटली काढली आणि माझ्या पायावर पाणी ओतायला लागल्या. चिखल वाळून कडक झाला होता.

"अक्का, राहू द्या हो, मी..."

"धर की नीट."

मी दहा दिवस मनात माफीचा मजकूर जुळवत होते. त्याला प्रस्तावना होती, कारणमीमांसा होती. त्यातलं एक अक्षर आठवेना. डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं, अक्का. तुमच्या मडक्यांना कधी वास आला नाही."

"ते मला माहीत नाही होय?" त्या टाच चोळत म्हणाल्या. "पण सरकारच्या कागदात काय आहे? पद्मावतीबाईच्या मडक्यापाशी शोधली, अशी ओळ आहे की तिथं. साडेतीनशे वर्षं आम्ही इथं. एक कागदात वाईट नाव नाही. ते तू पुसायचं."

"पुसते," मी म्हटलं.

पुसणं सोपं नव्हतं. सोमवारी चर बुजला. गटारात काहीच सापडलं नव्हतं. साहेब म्हणाले, तक्रार बंद करायची तर दोनच मार्ग. दुर्गंधी नव्हतीच म्हटलं तर खोटी तक्रार केल्याची नोटीस, आणि माझी तर सरकारी नोकरी. होती म्हटलं तर ती कुठून येत होती आणि कशी गेली, ते फॉर्मवर लिहायचं. 'उगमस्थान' असा स्वतंत्र रकाना होता. मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले. मग लिहिलं. साध्या, लहान अक्षरात, एक ओळ. पहिला मजला, ओगले यांचे स्वयंपाकघर.

साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसले. "भाषा सुधारली, मॅडम."

केतकीचा निकाल जूनमध्ये आला. शब्दसंग्रहात वीसपैकी चौदा. प्रतीक्षायादीत होती, दुसऱ्या फेरीत हव्या त्या कॉलेजात नाव लागलं. मी पेढे घेऊन खाली गेले. अक्कांनी तिला जवळ घेतलं, पेढा तोंडात टाकला, "ब्राह्मी!" एवढंच म्हणाल्या.

वॉर्ड ऑफिसची पडताळणी त्यानंतर आठ दिवसांनी आली. नागराजप्पा आमच्या स्वयंपाकघरात उभे राहिले. ओट्यापाशी, फ्रिजपाशी, सिंकखाली वाकून रीतसर हुंगलं. पद्माकर दारातून निरीक्षण करत होता. "आता काही नाही," ते म्हणाले. "पण शेजाऱ्याची साक्ष लागते. दुर्गंधी गेली म्हणून सही."

मी अक्कांना वर बोलावलं. त्या आल्या, पदर खोचला, स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहिल्या. डोळे मिटले. एक मोठा श्वास आत घेतला. नागराजप्पांनी पेन पुढे केलं. अक्कांनी ते घेतलं नाही. आणखी एक श्वास घेतला, डाळीच्या डब्यांकडे वळून. मग माझ्याकडे वळून.

"स्वल्प आहे अजून," त्या म्हणाल्या.

आणि मला घाम फुटेपर्यंत थांबून, हसू दाबत, त्यांनी सही केली.